पोरीच्या मापाची गाडी

१४ एप्रिल

ही वही बेगाइमनं दिली. तिची शाळेतली उरलेली, पहिली चार पानं फाडून. म्हणाली, "अपा, तू दिवसभर बोलतेस, आमचे कान दुखतात. थोडं कागदालाही सांग." कार्टी! मी चौथीत शाळा सोडली, मेंढ्यांमागे जायला घरात दुसरं कुणी नव्हतं. माझी अक्षरं मोठी येतात आणि ओळ वर वर चढते. चढू दे. आमचा सगळा मुलूखच चढाचा आहे.

आज मला फार आनंद झालाय. चिनारानं गोठ्याचं दार उघडलं आणि गाडी बाहेर काढली.

चिनारा माझी सून, मला एने म्हणते, म्हणजे सासूबाई. माझा मिरलान चार वर्षांपूर्वी डोंगरावरून घोडे आणायला गेला आणि बर्फाच्या लोंढ्यात सापडला. त्याची जुनी रशियन मोटरसायकल गोठ्यात पडून होती, तिच्यावर कोंबड्या बसायच्या. त्या हिवाळ्यात चिनारा जेवण झालं की गोठ्यात जाऊन बसायची. मला वाटायचं रडत असेल, म्हणून मी तिकडे फिरकत नसे. आणि ही बाई पाने घेऊन गाडी खोलत होती! बर्फ वितळल्यावर बाहेर काढली तर ओळखू येईना. सायलेन्सर पोटाखालून काढून वर मांडीपाशी नेलेला, टायर गाठीगाठींचे, हँडल याकच्या शिंगांसारखं पसरट, इंजिनखाली जाड पत्रा. याला स्क्रॅम्बलर म्हणतात म्हणे. हिला रस्ता लागत नाही. ओढा असो, दगड असोत, घसरडा उतार असो, जाते. गाव पोट धरून हसलं. मग सोनुन पाववालीनं आपल्या नवऱ्याची गाडी तशीच करून घेतली, मग जनावरांच्या दवाखान्यातल्या राकियानं. आता तिघी डोंगराकडे निघाल्या की चौकातले म्हातारे टोप्या सावरून बघतात.

तर आज निघाली ती आणखी एक, नवीन. अख्खा हिवाळा खपून केलेली. माझ्या बेगाइमसाठी! लहानशी, पिवळ्या टाकीची. पोरगी वर बसली तर दोन्ही पाय अलगद जमिनीला टेकले, कोपरं जिथे वाकायची तिथेच वाकली. मी म्हटलं, "चिनारा, माप कधी घेतलंस गं?"

"घेतलं नाही, एने."

"मग?"

"अंदाजानं केली."

शिंप्याची नजर आहे बाई हिची. मला एक झगा शिवून दिला असतास तर काय बिघडलं असतं, असं म्हणाले तर हसली. हिचं हसू फार दिवसांनी बघितलं.

२० एप्रिल

नदीकाठच्या माळावर शिकवणी. मी खुर्ची घेऊन गेले, सोबत चहाची किटली आणि बोरसोक, कणकेचे तळलेले तुकडे. तळलेलं खाल्लं की माझ्या पोटात जळजळतं, पण बघायला बसलं की तोंड चालूच लागतं.

चिनारा ओरडून सांगत होती, "उभी राहा! फूटरेस्टवर उभी राहा, गुडघे सैल सोड! दगडाकडे बघू नकोस, बघशील तर त्याच्यावरच जाशील. जिथे जायचंय तिथे बघ!" बेगाइम म्हणाली, "वहिनी, मला तर घरी जायचंय!" सगळ्या हसलो.

मग पोरगी पडली. ओढ्याच्या गोट्यांवर पुढचं चाक सटकलं आणि गाडी अंगावर. मी खुर्चीतून उठेपर्यंत चिनारा पोचली होती. अशी धावली की पायातला एक बूट मागेच राहिला. पोरीचं डोकं मांडीवर घेऊन "माझं शिंगरू, माझं शिंगरू" करायला लागली. मी धापा टाकत गेले, म्हटलं, "काय झालं?" तर हिनं चटकन हात काढून घेतले आणि गाडीची टाकी चाचपायला लागली. म्हणाली, "काही नाही, एने. टाकीला पोचा आलाय का बघत होते."

"अगं, पोरगी पडलीय आणि तुला टाकीची पडलीय!" चांगली सुनावली मी. खाली मान घालून ऐकलं तिनं. स्वभावानं गरीब आहे, उलट बोलत नाही.

पोरीला गुडघ्यावर खरचटलंय, बाकी काही नाही.

लिहिलेलं परत वाचता वाचता लक्षात आलं, उद्या हे कुणाच्या हाती पडलं तर म्हणेल, वहिनी कशी? म्हणून लिहून ठेवते. बेगाइम चिनाराच्या पोटची, पण माझी. आमच्यात थोरलं नातवंड आजीआजोबांचं असतं. ते आमच्या अंथरुणात वाढतं, आम्हालाच आईबाप म्हणतं. मला ती अपा म्हणते, म्हणजे आई; माझ्या वयामुळे गावही तेच म्हणतं. आणि चिनाराला वहिनी. माझा थोरला मिरलानही असाच माझ्या सासूचा होता, मला नावानं हाक मारायचा. मी काय मेले का? मला पुढे आणखी तिघं झाली.

३ मे

लाल गाय व्यायली. कालवड. दोन दिवस काही लिहायला सुचलं नाही, एवढी धावपळ.

२५ मे

आज शाळेची शेवटची घंटा. अकरावीच्या पोरी पांढरे एप्रन आणि केसांत पांढरी फुलं करून उभ्या, माझी सगळ्यांत उंच. मी मखमली कोट घातला. कुणी काही म्हणो, सत्तरीत तो मला अजून होतो, फक्त बटणं लागत नाहीत.

शेवटी बाईंनी सांगितलं, आता आयांनी पुढे यावं, मुली त्यांना फूल देतील. मी उठले. बेगाइमनं मला फूल दिलं, गालाचे मुके घेतले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी म्हणालं, या अपाचे पाय अजून कसे तुरुतुरु चालतात बघा. मी रडले, सुखानं.

चिनारा कुंपणाबाहेर तिच्या गाडीला टेकून उभी होती. आत ये म्हटलं तर म्हणाली, कपडे ग्रीसचे आहेत. खोटं. न्हाऊन आली होती, केस ओले होते, आणि तो निळा ड्रेस मी तिच्या अंगावर लग्नानंतर बघितला नव्हता. माणसांत मिसळायला लाजते अजून.

२ जून

सोनुन पाव घेऊन आली आणि तासभर बसली. तिच्या बोलण्याला काही कुंपण नाही, माझ्यासारखंच. म्हणाली, "मग अपा, सून चालली म्हणायची काराकोलला!"

"कुठली सून?"

"अगं, तिथे परदेशी लोकांना डोंगरात फिरायला मोटरसायकली देतात, त्यांच्या कारखान्यात. मालकीण बाईच आहे. चिनाराच्या गाड्या बघून गेली ना मागे! राहायला खोली देतेय. तुला सांगितलं नाही?" मग जीभ चावली आणि पावाचं काय झालं, यीस्ट कसं वाईट मिळतं, ते सांगत बसली.

संध्याकाळी दूध काढताना चिनाराला विचारलं. मी गायीच्या एका बाजूला, ती दुसऱ्या. म्हणाली, "हो, एने. उन्हाळा संपला की. तुमची परवानगी असेल तर."

मी काय कसाई आहे? विधवा बाई, हातात कला, जाऊ दे की. म्हटलं, "जा. शेजारणींची तोंडं मी सांभाळते."

मग ती बराच वेळ नुसतं दूध काढत राहिली. "खोलीत दोन खाटा आहेत," म्हणाली.

"एका बाईला दोन खाटा कशाला? एकीवर कपडे ठेव."

"तिथे कॉलेज आहे, एने. शाळा तर आता संपली तिची. मी म्हणत होते, बेगाइम…" गायीच्या पोटामागे मला तिचं तोंड दिसेना. मला कळलं, पोरीची काळजी लागली असणार, आपण गेल्यावर कसं होईल म्हणून. मी म्हटलं, "तिची अजिबात काळजी करू नकोस. मी आहे ना. ती माझीच आहे."

चिनारा म्हणाली, "हो, एने."

बादली घेऊन उठली तर निम्मं दूध सांडलं. मी रागावले नाही. एवढं लांब परगावी जायचं, माणूस गांगरतंच. दोन चांगले शब्द बोलले याचं मला समाधान वाटलं.

१९ जून

आम्ही वर आलोय, उन्हाळी कुरणावर. नमद्याचा, दाबलेल्या लोकरीचा तंबू उभा केला, घोड्या पिळायला सुरुवात झाली. इथे आलं की माझे गुडघे दुखायचे थांबतात, डॉक्टरला हे पटत नाही.

चौघींचं ठरलंय. पुढच्या महिन्यात चिनारा, सोनुन, राकिया आणि माझी बेगाइम गाड्या घेऊन काराबेलची खिंड चढणार, पलीकडे सरोवराला जाणार, तीन मुक्काम करून परत. आजवर तिथे बाईमाणूस गाडीनं गेलेलं नाही. घोड्यानं मी गेलेय, पोटुशी असताना.

पोटुशी म्हटल्यावर आठवलं. बेगाइम चाळीस दिवसांची झाली तेव्हा मी तिला आणलं. म्हणजे ह्या खोलीतून त्या खोलीत, घर तेच. माझा म्हातारा तेव्हा होता, त्यानं शेजाऱ्यांना मेंढा कापून वाढला. चिनाराचं दूध मी अकरा महिने चालू ठेवलं, दिवसात चार वेळा पोर तिच्याकडे द्यायचे आणि पिऊन झालं की परत घ्यायचे. एकदा दार उघडलं तर ती पोरीच्या तळपायाचे मुके घेत होती. मी म्हटलं, सासूसमोर लाज नाही का गं? मोठ्यांसमोर आपलं पोर कुरवाळायचं नसतं, मीही कधी कुरवाळलं नाही. त्यानंतर तिनं कधी केलं नाही. शहाणी आहे, एकदाच सांगावं लागतं. अकरा महिन्यांनी मीच माझ्या ओढणीनं तिची छाती बांधली, दूध आटायला. दोन दिवस ताप होता तिला.

पुढच्या वर्षी पुन्हा दिवस गेले, राहिलं नाही. मग काही झालंच नाही. आम्ही वाट बघितली. होतील, म्हटलं, घाई काय आहे. मग मिरलानच गेला.

कायमाक, दुधावरची घट्ट साय, फार चांगलं आलंय यंदा. बोट उभं राहतं.

११ जुलै

मी गेले! कुणालाच खरं वाटणार नाही, म्हणून तारीख ठळक लिहिलीय.

सकाळी चौघी निघाल्या तेव्हा मी म्हटलं, मलाही खिंडीपर्यंत घेऊन चला. सोनुन म्हणाली, "अपा, आमची गाडी माणसांसाठी आहे, सामानासाठी नाही." म्हटलं, "गप गं पाववाले, तुझ्यापेक्षा माझं वजन कमी आहे." चिनारानं मला मागे बसवलं आणि ओढणीनं स्वतःच्या कमरेला बांधून घेतलं. तिच्या पाठीला गाल लावून बसले. सतरा-अठरा वर्षं एका घरात राहून हिच्या इतक्या जवळ मी कधी गेले नव्हते. हाडं लागतात. जेवत नाही नीट.

ओढ्यात पाणी गुडघ्याइतकं. बर्फाचं पाणी बुटांत आलं, मी किंचाळले. पुढे नुसती घसरणारी खडी. बेगाइम पुढे उभ्यानं गाडी चालवत होती, अगदी घोड्यावर उभं राहावं तशी, आणि प्रत्येक वळणाला मान मागे फिरवायची. मला वाटलं माझ्याकडे बघतेय, म्हणून हात हलवत राहिले.

खिंडीत वारा असा की बोललेलं तोंडातून उडून जातं. राकियाच्या चाकातली हवा गेली म्हणून ती आणि सोनुन खाली बसल्या. मी दगडाच्या आडोशाला चहा घेतला. चिनारा आणि बेगाइम दोघी गाड्या घेऊन कड्यापर्यंत गेल्या, जिथून सरोवर दिसतं. लांबून दोन ठिपके. बराच वेळ तिथे उभ्या होत्या. एकदा वाटलं, एकच ठिपका आहे.

परत आल्या तेव्हा पोरीचे डोळे लाल. "धूळ गेली," म्हणाली. चिनाराचेही लाल. चष्मे दिलेत की सोनुननं, घालत नाहीत, फॅशन!

पुढे त्या चौघी सरोवराला गेल्या. मला एका मेंढपाळाच्या घोड्यावरून खाली पाठवलं. उतरताना मी गाणं म्हणत होते.

१४ जुलै

आल्या सगळ्या धडधाकट. कुरणावरचे लोक बघायला जमले. बेगाइमचं नाक सोलवटलंय.

दुपारी आम्ही दोघी कुमीस, घोडीचं आंबवलेलं दूध, घुसळत होतो. तो हजार वेळा घुसळावा लागतो, नाहीतर चव येत नाही. पोरगी मोजत होती, मधेच मोजणं सोडलं आणि म्हणाली, "अपा, मी कुठे लांब गेले तर तू काय करशील?"

मी म्हटलं, "काय करणार! मरून जाईन. तू खिंडीपलीकडे पोचायच्या आत मला पुरून टाकतील." आणि डोळे फिरवून, जीभ बाहेर काढून, मेल्याचं सोंग केलं. फार हसलो. अजून हसू येतंय लिहिताना.

मग तिनं घुसळणं पूर्ण केलं, आकडे न मोजता. दमली होती.

१५ जुलै

सकाळी बेगाइम टेकडीमागे चिनाराला काहीतरी सांगायला गेली. एकटीच परत आली, आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली, लहानपणी झोपायची तशी. चिनारा गाडी घेऊन निघून गेली, अंधार पडायच्या आधी आली. विचारलं तर म्हणाली, ब्रेक बघत होते.

मी तिला गरम रस्सा वाढला. खाल्ला नाही.

२८ ऑगस्ट

गेली चिनारा. कुरण सोडून गावात येऊन चारच दिवस झाले होते.

तिच्या सामानाची एकच पिशवी झाली, मागच्या सीटवर बांधली. पण सकाळचे तीन तास तिनं बेगाइमची गाडी तपासली! प्रत्येक नट, प्रत्येक तार. तेल काढून नवीन घातलं, चेन धुतली. मी म्हटलं, "जाणार तू, आणि तयारी तिच्या गाडीची?" सोनुन आणि राकिया फाटकापाशी उभ्या होत्या, दोघी माझ्याकडे बघेनात.

निघताना चिनारा माझ्या पाया पडल्यासारखी वाकली. मी कपाळाचा मुका घेतला, पाव दिला, बाटलीत कुमीस दिला. मग ती बेगाइमकडे वळली. मला वाटलं आता गळ्यात पडतील. पण मी तिथेच उभी होते ना. चिनारानं तिच्या जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली, एवढंच. म्हणाली, "उतारावर क्लच दाबू नकोस. गाडी सुटते."

"हो, वहिनी."

"दगडाकडे बघू नकोस."

"नाही बघणार."

किक मारली तर पहिल्या फटक्यात सुरू झाली. नेहमी तीन लागतात.

पोरगी आत आली आणि कालवडीला पाणी पाजायला गेली. मी म्हटलं, बघ, कशी समजूतदार आहे, रडली नाही. खरं सांगते, माझ्या मनातून एक दगड उतरला. कधी कधी मला वाटायचं, ही हिला घेऊन तर जाणार नाही ना? नाही नेलं. चांगल्या घरची आहे.

१४ सप्टेंबर

चिनारा दर रविवारी फोन करते. कुरण सोडून गावात आल्यापासून इथे नीट लागतो. मला एक मिनिट, तब्येत कशी, गाय कशी. मग फोन बेगाइमकडे, आणि या दोघी बोलतात काय? गाडी! आज अर्धा तास कार्ब्युरेटर. पेट्रोल गळतंय म्हणे. मला तर वासही आला नाही.

२१ सप्टेंबर

आज ब्रेक लागत नाही म्हणून अर्धा तास. परवाच ही पोर उतारावरून येऊन माझ्या कोंबडीपुढे टच्चकन थांबली होती. कोंबडीचं एक पीसही हललं नाही.

५ ऑक्टोबर

वरच्या शिखरांवर बर्फ आलं. राकिया म्हणते, बेगाइम रोज एकटी काराबेलच्या पहिल्या वळणापर्यंत जाते आणि तिथून परत फिरते. फिरू दे, म्हटलं, तरुण पोर आहे. राकिया गायीला सुई टोचून गेली.

१२ ऑक्टोबर

रविवार. आज मी पोरीच्या मागेच बसले होते, लोकर विंचरत. बेगाइम फोनवर सांगत होती, चेन घसरते आहे. चढावर खडखड आवाज येतो, दात सोडते. पलीकडून चिनारा एक एक विचारत होती, मला ऐकू येत होतं. कुठल्या गिअरला? गाडी गरम असताना की थंड? किती वेळानं? आणि पोरगी सगळ्याची उत्तरं देत होती, अगदी तपशिलात. आवाजही काढून दाखवला तोंडानं.

आज सकाळी मी स्वतः बघितलं. चेन आवळलेली, तेल दिलेली, चमकत होती. माझ्यासमोर मागचं चाक फिरवलं होतं तिनं, चूं की चां नाही.

मला राग आला. खोटं बोलायची माझ्या घरात पद्धत नाही. शेवटी फोन माझ्याकडे आला, पोर पाणी प्यायला आत गेली, तेव्हा म्हटलं, "चिनारा, अगं ऐक. गाडीला काही झालेलं नाही. चेन ठणठणीत आहे. मागच्या वेळचा ब्रेकसुद्धा. ही तुला उगीच काहीबाही सांगते."



मग ती म्हणाली, "माहीत आहे, एने."

"माहीत आहे? मग तासभर विचारत काय बसतेस?"

"सांगू दे तिला," म्हणाली. आणि मग, मी तिच्या तोंडून आजवर कधी ऐकली नव्हती अशी विनवणी, "एने, तुम्ही तिला काही बोलू नका. चेन घसरू दे."

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार? बेगाइम ओले हात पुसत आली, तोंडाकडे बघायला लागली माझ्या. "काय म्हणते वहिनी?" विचारलं. मी फोन तिच्या हातात दिला. म्हटलं, "बोल. अजून काय बिघडलंय ते सांग तिला."

ओढणी घेतली आणि दार ओढून अंगणात आले. बराच वेळ तिथे उभी राहिले, थंडीत. अंगणात मला काही काम नव्हतं.